मदत हवी आहे: स्वसंरक्षणासाठी .३२ रिव्हॉल्वर, .३२ पिस्तूल की .२२? (देवगड)

कलमबाग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, शिवाय दोन बागा कराराने घेतो. मार्च ते मे पिकअपमधून पेट्या कोल्हापूरला नेतो, कधी कराडपर्यंत. संध्याकाळी माल उतरवायचा, हिशेब करायचा, जेवायचं आणि रात्रीच परत फिरायचं, कारण पहाटे परत आंबे काढायला माणसं येतात. निम्मे व्यापारी अजून रोखच देतात, त्यामुळे येताना सीटखाली दोन-अडीच लाख असतात आणि सोबतीला फक्त पुतण्या.

गेल्या मे महिन्यात दाजीपूर सोडून फोंडा घाट उतरताना, रात्री दीडच्या सुमारास, वळणावर एक बाईक आडवी पडलेली दिसली. मला वाटलं अपघात झालाय, गाडी हळू केली, तर कठड्यामागून दोघं उठले, एकाच्या हातात कोयता. मी रिव्हर्स टाकला तोपर्यंत काचेवर दगड बसला, सगळी काच जाळी झाली. नशिबाने मागून ट्रक आला, त्याचे लाईट पडल्यावर ते दरीच्या बाजूने पळाले. तक्रार दिलीय, पण अजून कोणी सापडलेलं नाही. पुतण्या त्यानंतर महिनाभर रात्रीचा गाडीत बसायला तयार नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही त्या वळणावर आलं की अजून हात गार पडतात.

म्हणून परवान्याला अर्ज केला. पोलिसांची चौकशी झाली, मेडिकल झालं, शस्त्र हाताळणीच्या ट्रेनिंगचा दाखला जोडलाय, आता ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात फाईल आहे आणि मिळेल असं दिसतंय. घरात वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाची १२ बोअर सिंगल बॅरल आहे, लहानपणापासून बघतोय, पण ती गाडीच्या केबिनमध्ये काय कामाची.

आता प्रश्न. नऊ एमएम प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), आपल्याला मिळत नाही एवढं कळलंय. राहिलं .३२ आणि .२२. दुकानदार म्हणतो .३२ रिव्हॉल्वर घ्या, मित्र म्हणतो पिस्तूल घे, गोळ्या जास्त बसतात, आणि चुलतभाऊ म्हणतो .२२ची निडर रिव्हॉल्वर घे, अडीचशे ग्रॅमची आहे, खिशात कळतसुद्धा नाही. मला गोळीची ताकद महत्त्वाची वाटते, पण नुसतं तेवढंच बघून चालेल का? मी सोडून घरात कोणी ती हातात घेणार नाही. दुसरी काळजी खाऱ्या हवेची. आमच्या एका काकांची रिव्हॉल्वर परवा बघितली, पावसाळाभर चामड्याच्या कव्हरात कपाटात होती, बाहेर काढली तर चक्र फिरेना, नळीवर तपकिरी ठिपके आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर, नखाने खरवडला तर पावडर पडत होती. अशी गोष्ट ऐनवेळी चालली नाही तर बोअर कुठलाही असो काय उपयोग.

ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा प्लीज.

निवृत्त फौजी, दापोली

भाऊ, आधी तुम्ही सुखरूप आलात हे महत्त्वाचं. आता मुद्द्याचं.

ताकदीचा हिशेब ढोबळ सांगतो. .२२ लाँग रायफल नावाच्या काडतुसाची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, आखूड नळीतून शंभर-सव्वाशे जूल देते. रिव्हॉल्वरची .३२ गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास पण वेग कमी, दीडशेच्या आगेमागे. पिस्तुलाची .३२ गोळी साडेचार ग्रॅमची, वेग जास्त, पावणेदोनशेच्या जवळपास. नऊ एमएमला हाच आकडा साडेचारशे-पाचशे. म्हणजे आपल्याला मिळतात ते तिन्ही बोअर तसे कमी ताकदीचेच, त्यांच्यातल्या पंचवीस ते पाऊणशे जूलच्या फरकावर डोकं शिणवू नका. गोळी कुठे लागते त्यावर सगळं आहे आणि ती कुठे लागेल हे तुमच्या ट्रिगरच्या बोटावर आहे.

एक गोष्ट दुकानात नीट बघा. दोघांनाही लोक बत्तीसच म्हणतात, दोन्ही ७.६५ एमएम, पण रिव्हॉल्वरचं काडतूस लांब आणि बुडाला कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. काडतुसं घ्यायला जाल तेव्हा आपलं हत्यार कुठलं ते सांगून घ्या.

.२२ मध्ये दारू पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, मध्यभागी नाही, त्यामुळे फुसकं निघण्याचं प्रमाण सेंटरफायरपेक्षा, म्हणजे मसाला मध्यभागी असलेल्या काडतुसापेक्षा, जास्त. खेळासाठी तो बोअर उत्तम, आपल्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं ते .२२ वरच. पण तिथे काडतूस फुसकं निघालं तर जीव जात नाही.

माझं मत .३२ रिव्हॉल्वर. कारण साधं आहे, काडतूस फुसकं निघालं तर परत ट्रिगर ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तेच झालं किंवा काडतुसाचा रिकामा खोका अडकला तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून मोकळं करावं लागतं, अंधारात, एक हात स्टिअरिंगवर असताना, आणि ते रोजच्या सरावाशिवाय जमत नाही. रिव्हॉल्वरला सहाच गोळ्या, पण तुम्हाला लढाई करायची नाहीये, तिथून निघायचंय. कानपूरची साधी मार्क थ्री रिव्हॉल्वर सातशे ग्रॅमच्या आसपास आहे, २०१४ला आलेली निर्भीक पाचशे ग्रॅमची. हलकी घेतली तर खिशाला बरी, पण हाताला धक्का जास्त बसतो, आणि धक्क्याची भीती बसली की माणूस गोळी सुटायच्या आधीच मनगट दाबतो, मग गोळी खाली जाते. मी तुमच्या जागी असतो तर जड घेतली असती. ट्रिगर सुरुवातीला खूप कडक वाटेल, रिकाम्या रिव्हॉल्वरवर घरी सराव करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून आणि सहाही घरं बोट घालून तपासून.

गंजाचं म्हणाल तर चामड्याचं कव्हर फक्त बाहेर पडताना. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेलं मीठ-रसायन लोखंडाला लागतं, काकांचं तेच झालंय. घरी सुती कापडाला गन ऑइल लावून पुसायचं, वर सिलिका जेलच्या पुड्या. खोबरेल तेल चुकूनही लावू नका, आपल्याकडे हात पहिला त्या बाटलीकडे जातो, पण ते थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होऊन धूळ धरतं. काडतुसांना मात्र तेल लावायचं नाही, आत झिरपलं तर मसाला मरतो. हिरवी पडलेली काडतुसं काकांना वापरायला देऊ नका.

सड्यावरलो

झिला, फौजीकाकांनी बरोबर सांगल्यानी. माका एकच सांगूचा आसा, परवान्यावर हद्द काय लिवली ती बघ. महाराष्ट्र लिवलेला आसात आणि तू बांद्यासून पुढे गोव्यात गेलंस खिशात घालून, तर तूच आत. पेट्यो घेवन म्हापशाक जातत लोका, तेव्हा घराकडे ठेवन जा. आणि निवडणूक इली काय पोलीस ठाण्यात जमा करूची नोटीस येता, आमच्या आजोबांची ठासणीची किती येळा जमा झाली ती मोजूक नाय. ऐन आंब्याच्या सीझनात निवडणूक इली तर तुझो घाट परत रिकाम्या हातानच उतरूचो लागतलो, ह्याचो पण इचार कर.

चिपळूणची वकील

कायद्याचं थोडं बोलते, कारण बोअरपेक्षा ते आधी माहीत हवं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची. जबरी चोरी होत असेल, किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणी घर फोडून शिरत असेल, तर मालमत्ता वाचवतानासुद्धा हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अट कायम आहे. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात ट्रकचे लाईट पडल्यावर ते दोघं पळाले ना, त्या क्षणी धोका संपला. तेव्हा पाठीवर गोळी झाडली असती तर तुम्ही आरोपी झाला असता, आणि तुमच्याकडे कोयता नाही, परवानाधारक शस्त्र होतं हे सरकारी वकील पुन्हा पुन्हा सांगणार. बाहेर नेताना ती होल्स्टरमध्ये झाकलेली हवी, कोणाला भीती घालायला दाखवणं हा वेगळा गुन्हा होतो. लग्नात हवेत बार काढला तर २०१९च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे तुमच्या पुतण्यालाही सांगून ठेवा.

आणि दादा, घरात लहान मुलं आहेत का? माझ्या आजोळी मामांची बंदूक वापरात नसताना भाताच्या कणगीमागे उभी असायची, आम्हा सगळ्या पोरांना जागा माहीत होती, मोठ्यांना वाटायचं कोणालाच माहीत नाही. सात-आठ वर्षांची असताना मी आणि मामेभावाने ती ओढून बाहेर काढलेली मला आठवतेय, तिचं लाकूड गार होतं आणि मला ती उचलतही नव्हती. भरलेली नव्हती म्हणून मी आज हे लिहितेय. तुमची रिव्हॉल्वर आठ वर्षांच्या मुलाला सहज उचलेल.

कलमबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, घरात मुलगी सहा वर्षांची आणि भावाचा मुलगा नऊचा आहे. तुमचं वाचून रात्री बायकोला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आधी तिजोरी, मग ते.

आणि पळणाऱ्यांवर मी झाडली असती का हे गेले दोन दिवस स्वतःला विचारतोय. त्या रात्री हातात असती तर बहुतेक झाडली असती, एवढा राग आलेला. हे इथे प्रामाणिकपणे लिहितो.

तर ठरवलंय असं. .३२ रिव्हॉल्वर, जड मार्क थ्रीच, पिस्तुलाचा विचार सोडला. दोन मोठ्या व्यापाऱ्यांशी बोललो, ते या सीझनपासून पैसे खात्यावर टाकायला तयार झालेत, तिसरा अजून ऐकत नाही. आणि परत येताना रात्री घाट नाही, कोल्हापुरातच झोपून पहाटे पाचला निघायचं, त्या सकाळचे आंबे वडील उतरवून घेतील म्हणालेत. सड्यावरल्यानू, निवडणुकीचं लक्षातच आलं नव्हतं, म्हणूनच हा घाटाचा बदल कायमचा करतोय.

आता फक्त तिजोरीचं सांगा. आमचं घर चिऱ्याचं, जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला आतून ओल येते, हात लावला तर गार लागतो. भिंतीत बसवली तर ओल आत शिरेल का, की लाकडी कपाटात बोल्ट करून बसवू? कोणी समुद्राजवळच्या घरात बसवली असेल तर कुठल्या भिंतीला आणि मागे काय लावलं ते लिहा, फोटो असेल तर अजून बरं.