कासवर बंदी हा उपाय नाही

साताऱ्याजवळच्या फुलांच्या कास पठारावरची गर्दी पाहून 'कासला पर्यटकच बंद करा' असं एक मत वाचलं. वैताग समजतो, पण तिथल्या प्रवेशशुल्कावर आसपासच्या गावांच्या समित्या पठाराची राखण करतात. सरसकट बंदी घातली तर राखण करायला कोण उरेल?

खरी गोची आपली, मुंबईकरांची आहे. शुक्रवारी रात्री दादर-बोरिवलीहून गाड्या भरून निघायचं आणि शनिवारी सगळ्यांनी एकदमच उतरायचं! जांभ्या दगडावर मातीचा थर जेमतेम, त्यातच सीतेची आसवं उगवतात. बोटभर उंचीचं झाड, निळंजांभळं फूल नखाएवढं. फोटोसाठी कोणी वाट सोडून आत बसला की तेवढा तुकडा संपला. २०१२ साली जागतिक वारशात नाव लागलं आणि गर्दी आणखी वाढली, हेही आहेच (पाटी लागली की आपल्याला जायलाच हवं!).

माझं म्हणणं, रोजची मर्यादा आहे ती काटेकोर पाळावी, शनिवार-रविवारचं शुल्क दुप्पट करावं. आणि रजा टाकून मंगळवार-बुधवारी जा की! मुक्काम गावातल्या घरी करा, पिठलं-भाकरी तिथेच खा. हॉटेलं उठवायला डोंगर कापण्यापेक्षा ते बरं.