मास्किंगमध्ये वेळ वाचवायचा तो नेमका कुठे?

सरसर: ऑडिओमेट्रीत, म्हणजे श्रवणचाचणीत, एका कानाची चाचणी चालू असताना दुसऱ्या कानाने चोरून ऐकू नये म्हणून त्यात सरसर आवाज सोडतात, ते मास्किंग. आमच्याकडे अजून हूड यांची 1960ची प्लॅटो पद्धत. सरसर 10 डेसिबलने चढवा, उंबरठा (ऐकू येणारा सर्वांत हळू टोन) पुन्हा शोधा, परत चढवा, उत्तर जागचं हलेनासं होईपर्यंत. काल सत्तरीतल्या एका आजोबांना चाळीस मिनिटं लागली. शेवटी शेवटी ते टोन ऐकून बटण दाबत होते की माझा चेहरा बघून, देव जाणे. टर्नर यांनी 2004 मध्ये सुचवलं तसं, आधी हिशेब करून पहिलीच पातळी भक्कम ठेवली की बऱ्याचदा दोन पायऱ्यांत काम होतं. रोजच्या ओपीडीतून प्लॅटो हद्दपार करावी, असं माझं मत.

जुना_कान: साफ असहमत. तुमचा हिशेब ज्या आकड्यांवर उभा, ते मास्किंगशिवाय घेतलेले, म्हणजे मुळात संशयितच. उजवा कान पूर्ण गेलेला, डावा उत्तम, तरी उजव्याचा उंबरठा 60 दिसतो. ती डाव्याचीच पडछाया, टोन ऐकला डाव्याने! हिशेब कुठे चुकला हे प्लॅटोत चढतानाच कळतं.

फोमटिप: भांडण कशाला? इन्सर्ट इअरफोन घ्या, कानाच्या आत बसणारे. साध्या हेडफोनचा आवाज 40 डेसिबलच्या फरकावरही पलीकडे पोचू शकतो, इन्सर्टला निदान 55 धरतात. कित्येकांना एअरसाठी (हवेतून, इअरफोनने घेतलेल्या चाचणीसाठी) मास्किंग लागणारच नाही.

जुना_कान: आणि बोनचं, म्हणजे हाडातून कंपनं देऊन घेतलेल्या चाचणीचं काय? व्हायब्रेटर कुठल्याही कानामागे ठेवा, दोन्ही कॉक्लिया (आतले कान) हलतात. शिवाय दोन्ही कान वाहताहेत, दोन्हीकडे मोठा एअर-बोन गॅप (एअर आणि बोनच्या उंबरठ्यांतला फरक), तिथे पुरेसा आवाज द्यावा तर तोच पलीकडे जातो. इन्सर्टची खरी गरज तिथे, आणि वाहत्या कानात तो घालणार कसा?

सरसर: हा मुद्दा मान्य. अशा केसला प्लॅटोही मिळत नाही हो, पण! तिथे ‘मास्किंग शक्य नाही’ असं ऑडिओग्रामवर लिहून मोकळं व्हावं. बाकीच्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?

रुग्णाचा_मुलगा: मध्येच बोलतो, माफ करा. आमच्या बाबांना सरसर येणार हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते तिच्यावरच बटण दाबत राहिले, मग सगळं पहिल्यापासून.

सरसर: काका, खरं सांगू का, काल आजोबांना मीही घाईत एकदाच सांगितलं होतं, तेही हेडफोन चढवल्यावर.