मदत हवी आहे: फ्रंटपेजची जुनी साइट, व्हीटीआय फोल्डर ठेवू की उडवू?
मंडळी, आमच्या वाचनालयाची जुनी साइट फ्रंटपेजमध्ये (वेबसाइट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं जुनं सॉफ्टवेअर) केलेली आहे, ती नव्या सर्व्हरवर हलवायचीय. आत जागोजागी अंडरस्कोर व्हीटीआयने सुरू होणारे फोल्डर आहेत, शोधलं तर कळलं की व्हीटीआय हे व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इन्कॉर्पोरेटेडचं लघुरूप, चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फॉरगार्ड यांनी अमेरिकेत काढलेली कंपनी, फ्रंटपेज मूळ त्यांचंच आणि १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जवळपास १३ कोटी डॉलरला ती विकत घेतली. एवढी वर्षं झाली तरी त्यांचं नाव आमच्या साइटवर आहे, भारी वाटलं खरंच! पण हे फोल्डर डिलीट केले तर काही बिघडेल का? सर्च बॉक्स आणि हिट काउंटर फ्रंटपेज सर्व्हर एक्स्टेन्शनवर (सर्व्हरवर बसवायचं फ्रंटपेजचं जोड सॉफ्टवेअर) चालायचे, त्यांच्याजागी काय लावू? पुस्तकांच्या यादीची पानं मात्र जाता कामा नयेत. कोणी केलंय का हे, प्लीज सांगा.