शिंजीर की हॉकमॉथ? लांबून ओळखण्याची खात्रीची खूण हवी आहे

पुण्यात आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत घाणेरी आहे आणि तिच्यावर येणाऱ्या पाहुण्यांची नोंद आम्ही काही जण रोज संध्याकाळी अर्धा तास ठेवतो. अडचण अशी की, उजेड कमी झाला की जांभळा शिंजीर या पक्ष्याची मादी आणि मॅक्रोग्लॉसम गटातला, दिवसाही उडणारा हॉकमॉथ पतंग यांची नोंदीत सरमिसळ होते. (मुले दोघांनाही हमिंगबर्ड म्हणतात, तो पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतो, हे सांगून झाले आहे.)

शिंजीर साधारण दहा सेंटिमीटर लांबीचा, तर पतंग पंख पसरूनही त्याच्या निम्म्याच्या आसपास, हे मला ठाऊक आहे. पण पाच-सहा मीटरवरून, तुलनेला शेजारी काही नसताना, आकाराचा अंदाज फसतो. पतंगाच्या शेपटाकडील केसांचा झुबका पक्ष्याच्या शेपटीसारखा पसरतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. मोबाइलवरच्या स्लो मोशनमध्ये एकदा फुलाच्या नळीत शिरणारी वाकडी सोंड आणि डोक्यावरच्या मिशा स्पष्ट दिसल्या, परंतु प्रत्येक वेळी चित्रण शक्य नसते. जाळे वापरायचे नाही, दिवा लावायचा नाही, आणि दुर्बीण एकच आहे.

शिंजीर बहुधा फांदीला धरून रस पितो, हवेत क्षणभरच तरंगतो. पतंग मात्र न बसता फुलामागून फूल घेत जातो. मग केवळ ‘बसला की नाही’ एवढ्यावरून नोंद करणे पुरेसे ठरेल का, की तिला आणखी एखाद्या खुणेची जोड हवी?