वार्षिक टोल पास: कोल्हापूरकरानं घ्यावा का?

मंगळवार_पेठ
गेल्या आठवड्यात वार्षिक पास घेतला आणि घरात भावाशी जुंपली. तोच वाद इथं टाकतो, निकाल तुम्ही लावा.

माहीत नसलेल्यांसाठी: राष्ट्रीय महामार्गांच्या टोलचा हा पास 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाला, तेव्हा किंमत 3000 ठेवली होती. 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला. नवा स्टिकर लागत नाही, राजमार्गयात्रा ॲपवरून जुन्याच फास्टॅगवर चालू होतो. टॅगमध्ये पैसे पडून असले तरी ते चालत नाहीत, पासाचे वेगळे भरायचे.

माझं गणित असं. पुण्याला जाताना किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे चार नाके. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे जाऊन-येऊन आठ. 200 भागिले 8, पंचवीस वेळा पुणं. 3000 च्या हिशेबानं नाक्याला 15 रुपये पडले. 15 रुपयांत मिसळीचे जादा पावसुद्धा येत नाहीत (कट फुकट मिळतो, तो भाग वेगळा). मुलगी पुण्यात शिकते, महिन्या-दीड महिन्याला फेरी ठरलेली.

भाऊ म्हणतो, सरकारला बिनव्याजी उसने दिलेस.

रंकाळा_काठ
भावाचं बरोबर आहे. पंचवीस वेळा पुणं हे कागदावरचं. एवढं पुण्याला जाऊन करायचं काय? आम्ही दोघं निवृत्त. वर्षातून दोनदा मुलाकडं पुण्याला, बाकी सगळं फिरणं जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी. जोतिबाला कुठं टोल आहे?

शिवाय साध्या टॅगवर 24 तासांत परत आलं तर जाण्या-येण्याचे मिळून दीडपटच कापले जातात, पावती मागावी लागत नाही. पासवाल्याच्या मात्र येतानाच्या फेऱ्याही पुऱ्या मोजल्या जातात. ही सवलत तुम्ही हिशेबात धरली का?

मंगळवार_पेठ
धरली काका. मागच्या वर्षीचं टॅगचं स्टेटमेंट काढूनच बसलो होतो. माझा पास सहाव्या पुणेवारीला वसूल होतो. 200 संपवायच्याच असा हट्ट नाही. तुमच्या दोन फेऱ्यांना पास नकोच, त्यावर वाद नाही.

निपाणी_अपडाऊन
आमचं ऐका की जरा. मी कागलात राहतो, काम निपाणीत. कोगनोळी नाका रोज दोनदा. मागं पास घेतला आणि शंभर दिवसांत 200 फेऱ्या फस्त! चौथ्या महिन्यात मोबाईलवर परत साधा टोल कापल्याचा मेसेज. मला वाटलं काहीतरी चुकलंय, नाक्यावरच्या पोराशी हुज्जत घातली. ते म्हणालं, "दादा, पास संपलाय तुमचा, परत घ्या." वर्षाचा म्हणायचं आणि शंभर दिवसांत संपवायचं, ह्याला काय अर्थ हाय?

वडगाव_बाजार
भावा, तू चुकीचा पास घेतलास. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला स्थानिक मासिक पास असतो, साडेतीनशेच्या घरात. फेऱ्यांची मोजदादच नाही. आमच्या किणीला निम्म्या गावाकडं तोच आहे. गाडीचं आरसी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नाक्यावरच्या ऑफिसात जा.

तुझा हिशेब मी करतो. महिन्याला 25 दिवस धर, वर्षाला 600 फेऱ्या, म्हणजे तीन वार्षिक पास, 3000 नं धरले तरी नऊ हजार. स्थानिक पासाचे वर्षाचे बेचाळीसशे. फक्त तो त्या एका नाक्यापुरता, पुण्याला जाताना उपयोग नाही.

निपाणी_अपडाऊन
आयला! हे त्या पोरानं सांगितलं न्हाई मला.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
पासाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी माझं ऐकून घ्या. गणपतीनंतर मुंबईला गेलो होतो. पास चालू, त्यामुळं टॅगच्या वॉलेटकडं महिनाभर बघितलंच नव्हतं, त्यात दोन-अडीचशे पडलेले. चारही नाके सुखात पार. पुढं मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथं हा पास चालत नाही. कारचे 320 सरळ वॉलेटातून गेले. जाताना दांडी उघडली, कारण शिल्लक शून्याच्या वर होती. कारला किमान शिल्लक लागत नाही, कमी पडलेले अनामतीतून भागवतात. मी आपला गाणी ऐकत निघून गेलो.

येताना वॉलेट उण्यात. दांडी काही उघडेना. मागं ट्रॅव्हल्सवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, पुढं तो मुलगा हातातलं मशीन काचेला लावतोय, काढतोय, पुन्हा लावतोय. "ब्लॅकलिस्ट दाखवतंय साहेब." पण माझा पास आहे! मोबाईल काढून त्याला 3000 ची पावती दाखवली. त्यानं ती मान वाकडी करून नीट वाचली आणि म्हणाला, "हा इथला नाही." 640 मोजले. बायको घाट चढेपर्यंत एक शब्द बोलली नाही, मग खंबाटकीत बोलली.

पास म्हणजे सुटका ही समजूतच घातक. उलट दोन खाती सांभाळायची.

हिशेबनीस
हा पासाचा दोष की तुमचा? पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेपुरता, हे तर घेतानाच सांगितलेलं असतं. समृद्धीलाही चालत नाही. वॉलेटमध्ये पाचशे कायम ठेवायचे, विषय संपला. ऑटो रिचार्ज लावा.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
ऑटो रिचार्जही लावून झालाय. मागं गाडी राजारामपुरीत दुरुस्तीला लिफ्टवर टांगलेली आणि मेसेज आला, कर्नाटकातल्या नाक्यावर टोल कापला. टॅग ज्या बँकेचा तिच्याकडं तक्रार केली, गॅरेजच्या बिलाचा फोटो जोडला. पैसे परत आले, पण पाच आठवडे आणि अकरा फोन. पैसे आपोआप जातात, परत मात्र आपोआप येत नाहीत.

हिशेबनीस
ते मान्य. म्हणूनच टॅग कुठल्या बँकेचा याला महत्त्व आहे. नाक्यावर सगळे टॅग सारखेच वाचले जातात, फरक पडतो तो तक्रारीच्या वेळी. कॅशबॅक बघून घेऊ नका, माणूस फोन उचलतो का ते बघा. 1033 हा महामार्गाचा नंबर, पण चुकून कापलेल्या पैशाला टॅगवाली बँकच गाठावी लागते.

बिंदू_चौक
सगळे हिशेबात गुंतलाय. ह्याच कोल्हापूरनं "टोल देणार नाही" म्हणत शहरातला टोल घालवला. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर उतारवयात रस्त्यावर बसले होते. आणि आता आम्ही आगाऊ पैसे भरून वर पेढे वाटायचे? कागल-सातारा सहापदरीचं काम बघा. डायव्हर्जन, धूळ, रात्री पाटी दिसत नाही. रस्ता अर्धा, टोल पुरा, आणि तोही वर्षाचा आधी!

हिशेबनीस
तो टोल गावातल्या गावात दळणाला जायला लागत होता, म्हणून गाव पेटलं. महामार्गाशी त्याची तुलना नको. आणि पास नाही घेतला म्हणून टोल चुकतोय का? उलट जास्त भरताय. टॅगच नसेल तर 15 नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयनं सव्वापट. निषेध म्हणून जास्त पैसे देणारा आंदोलक मी पहिल्यांदा बघतोय.

बिंदू_चौक
चेष्टा सोपी आहे. केरळात पालियेक्करा नाक्यावर रस्ता खराब म्हणून हायकोर्टानं टोल थांबवला आणि ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो आदेश कायम ठेवला. उद्या आपल्याकडं तसं झालं तर साध्या टॅगवाल्याचे पैसे वाचतील. पासवाल्याचे? परतावा नाही.

मंगळवार_पेठ
हा मुद्दा भावालासुद्धा सुचला नव्हता. खरंय, परतावा नाही. पण तसा आदेश येईपर्यंत मुलीला भेटायला जायचं थांबवू काय?

वडगाव_बाजार
मधेच एक. टॅग काचेला चिकटवलेलाच पाहिजे. डॅशबोर्डवर ठेवून नाक्यावर हातात धरणारे लई दिसतात. असे टॅग ब्लॅकलिस्ट करायला लागलेत. पासही गेला मग.

रंकाळा_काठ
आमचा डॅशबोर्डवरच आहे. आज चिकटवतो.

मंगळवार_पेठ
ताजी बातमी. भाऊ आत्ता खाली आला. पुढच्या महिन्यात त्याला सासुरवाडीच्या लग्नासाठी तीनदा पुणं आहे. विचारतोय, "तुझा पास माझ्या गाडीला चालतो काय?" चालत नाही, एका गाडीचा पास दुसरीला नाही. मग म्हणाला, "माझा काढून दे."

बघितलं तर त्याच्या टॅगवर अजून चेसिस नंबरच आहे. नवी गाडी घेतली तेव्हाचा, गाडीचा नंबर कधी घातलाच नाही. असल्या टॅगवर पास मिळत नाही. आधी बँकेत आरसी द्यायला लागणार. उद्या शनिवार, दुसरा की चौथा ते कॅलेंडरात बघतोय.