मेरोपेनेम अँटिबायोटिक: मशीन म्हणतं सेन्सिटिव्ह, डिस्क म्हणते रेझिस्टंट. रिपोर्ट काय देऊ?

नमस्कार मंडळी. अमळनेरला एका लहान हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. अकरा वर्षं कल्चर डिस्कवरच लावत आलो (जंतूंच्या प्लेटवर औषधाची चकती ठेवायची, भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायचं), कार्ड घालायचं ऑटोमॅटिक मशीन दिवाळीनंतर आलं. आज अडकलोय, तातडीने मदत हवी.

पारोळ्याच्या एका आजींचं युरीन आहे. शुगर आहे, ताप उतरत नाही. क्लेबसिएला हा जंतू वाढलाय, सेफ्ट्रायाक्झोन हे अँटिबायोटिक दोन्हीकडे रेझिस्टंट. मेरोपेनेमची एमआयसी (जंतूची वाढ रोखणारी किमान मात्रा) मशीनने 0.25 किंवा त्याखाली दिली, म्हणजे चक्क सेन्सिटिव्ह. त्याच कार्बापेनेम गटातलं एर्टापेनेमही सेन्सिटिव्ह. सवयीने त्याच कॉलनीची डिस्क लावली होती, तर झोन 17 मिमी! सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात 23 पासून पुढे सेन्सिटिव्ह, 19 आणि खाली रेझिस्टंट. एक-दोन मिमीचा फरक असता तर समजलो असतो. मोजपट्टी तीनदा लावली. झोनची कडा स्वच्छ, आत एकही कॉलनी नाही. प्युरिटी प्लेट चांगली (दुसऱ्या जंतूची भेसळ नाही), सस्पेन्शन, म्हणजे जंतू मिसळलेलं द्रावण, ठरलेल्या 0.5 मॅकफारलंड गढूळपणाचंच.

रेझिस्टंट लिहिलं तर डॉक्टर किडनीला जड असलेल्या कोलिस्टिनवर जातील, आणि आजींची किडनी आधीच नाजूक आहे. सेन्सिटिव्ह लिहिलं आणि ते चुकलं, तर त्याहून वाईट. मुलगा खिडकीशी उभा राहून विचारतोय, "रिपोर्टनं काय व्हयनं, भाऊ?" काय सांगू?

उत्तर १
मशीनवर डोळे झाकून जाऊ नका. सस्पेन्शन पातळ पडलं तर मशीन खोटं सेन्सिटिव्ह देतं, गढूळपणा मोजणारा डेन्सिटोमीटर तपासा. शिवाय जंतूत औषध तोडणारं ओक्सा-48 जातीचं एन्झाइम असलं तरी मेरोपेनेमची एमआयसी कधी कधी कमीच राहते. एमसिम टेस्ट (जंतू मेरोपेनेम तोडतो का ते पाहणारी) लावा, उद्यापर्यंत कळेल.

उत्तर २ (धुळ्याहून)
दादा, एमसिम लावाच, पण आधी डिस्क तपासा. एमसिमलाही तीच 10 मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क लागते. डिस्कच मेलेली असेल तर एमसिमही खोटी पॉझिटिव्ह येईल आणि तुमची खात्रीच पटेल की जंतू रेझिस्टंट आहे. ओक्सा-48 मध्ये बहुधा एर्टापेनेमची एमआयसी आधी वर सरकते, तुमच्याकडे ती खालीच आहे.

आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. लाईट गेली की बंद फ्रीज किती वेळ थंड राहणार? कार्बापेनेमच्या डिस्क उष्णतेला आणि दमटपणाला फार हळव्या. साठा उणे 20 वर, वापरातली कुपी 2 ते 8 वर, आणि उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत पाणी धरतं. ई. कोलाय एटीसीसी 25922 हा तपासणीचा प्रमाणित जंतू त्याच कुपीतल्या डिस्कवर लावा. झोन 28 च्या खाली आला तर दोष डिस्कचा. तोवर मेरोपेनेमची ओळ थांबवा, बाकीचा रिपोर्ट सोडा, आणि डॉक्टरांना फोनवर दोन्ही आकडे सांगा. कागदावर नुसतं 'पेंडिंग' वाचून त्यांना काही कळणार नाही.

धागाकर्ता, दुसऱ्या दिवशी
धुळेकर ताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं. 25922 चा झोन जुन्या कुपीवर 23, फ्रीजरमधल्या नव्या कुपीवर 31. आजींचा क्लेबसिएला नव्या डिस्कवर 28 मिमी, एमसिम नव्या डिस्कने निगेटिव्ह. डेन्सिटोमीटरही बरोबर आहे. डॉक्टरांना कळवलं, मेरोपेनेम सुरू झालंय.

आठवड्याची क्यूसी (प्रमाणित जंतूवर डिस्कची तपासणी) झाली त्याच्या दुसऱ्याच रात्री लाईट गेली होती, सकाळपर्यंत आली नाही. त्यानंतर मशीनची कार्डं संपली, म्हणून चार दिवस सगळं डिस्कवर केलं. काल रात्री रजिस्टर चाळलं. त्या चार दिवसांत मेरोपेनेम रेझिस्टंट म्हणून दिलेले तीन रिपोर्ट सापडले. दोघांच्या प्लेट अजून फ्रीजमध्ये आहेत, त्या नव्या डिस्कवर लावल्या. तिसरी टाकून दिली होती, त्या डॉक्टरांना सकाळीच फोन करून नवं सॅम्पल मागवलंय.