दत्तक लेकराचा रंग आणि सिनेमातली गोरी आई

मोगरी : परवा ‘द ब्लाइंड साइड’ (२००९) पुन्हा पाहिला. पूर्वी रडले होते, या वेळी राग आला. मेम्फिसमधला बेघर कृष्णवर्णीय मुलगा मायकल ओहर आणि त्याला घरी आणणारं श्रीमंत गोरं कुटुंब. त्यात घरातलं चिमुरडं पोर टेबलावर सॉसच्या बाटल्या मांडून या धिप्पाड मुलाला अमेरिकन फुटबॉल शिकवतं. ओहरने पुढे आत्मचरित्रात लिहिलं की हा मी नव्हेच, मी लहानपणापासून या खेळाचा अभ्यास करत होतो. म्हणजे त्याची अक्कलसुद्धा त्या घराच्या खात्यावर! त्यातल्या आईच्या भूमिकेसाठी सँड्रा बुलकला ऑस्कर मिळालं. २०२३ मध्ये ओहर कोर्टात गेला : मला दत्तक घेतलंच नव्हतं, कॉन्झर्व्हेटरशिपच्या (दुसऱ्याचे व्यवहार सांभाळायच्या कायदेशीर अधिकाराच्या) कागदांवर सही घेतली, माझ्या नावाने करारमदार करायचा हक्क त्यांच्याकडे गेला. असे सिनेमे मुलाचे नसतातच, आईचे असतात. मुलाचा रंग लागतो तो तिचं मन किती मोठं हे दाखवायला.

निवांत : साफ असहमत. कोर्टातल्या भांडणाचं खापर सिनेमावर का? ते कुटुंब म्हणतं की अठरा पूर्ण झाल्यावर दत्तक घेता येत नाही असं वकिलांनी सांगितलं होतं. पोराला छप्पर मिळालं, हे तर खरं ना? आणि ‘लायन’चं (२०१६) काय? खांडव्याचा पाच वर्षांचा सरू रेल्वेत झोपतो, कलकत्त्याला पोचतो, तिथून दत्तक जातो ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला. शेवटी खऱ्या आयुष्यातल्या दोघी आया, जन्मदाती आणि दत्तक घेणारी, एकमेकींना मिठी मारतात. माया रंग विचारत नाही, एवढंच तो सिनेमा सांगतो.

मोगरी : ‘लायन’मधली जिलबी मलाही मान्य. मेलबर्नला भारतीय मित्राच्या घरी ती हातात येते आणि हरवलेला भाऊ समोर उभा राहतो. तिथे सिनेमा खरोखर सरूचा होतो. पण टास्मानियातल्या होबार्टला आलेलं लेकरू पडद्यावर एकदम वीस वर्षांनी मोठं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी त्या सावळ्या पोराकडे कोणी कसं बघितलं? नेमकी तीच वर्षं गायब आहेत.

उत्रेख्तकर : मोगरीताईंशी सहमत. आमच्या शेजारीण बाई तान्ह्या असताना भारतातून इथे नेदरलँड्सला दत्तक आल्या. गणपतीला घरी बोलावलं तर जो तो त्यांच्याशी मराठीत सुरू. दर वेळी डचमध्ये “मला येत नाही” म्हणायचं. डच दुकानात मात्र लोक त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात. आईबाप प्रेमळच होते, पण दुकानात ते बरोबर नसतात. आंतरदेशीय दत्तकातले गैरप्रकार बाहेर आल्यावर नेदरलँड्सने २०२१ मध्ये ते स्थगित केलं, तेव्हा त्या दिवसभर बातम्या लावून बसल्या होत्या.

निवांत : वीस वर्षांचा मुद्दा पटला. माया खोटी ठरते हे अजूनही पटत नाही. तुमच्या शेजारीणबाईंनी ‘लायन’ पाहिलाय का?

उत्रेख्तकर : आमच्याकडेच पाहिला. विमानतळावर नवे आईबाप भेटतात, तिथे थांबवायला सांगितला. उरलेला दोन दिवसांनी पाहिला, एकट्याने.